अमेरिकेत नाताळचं खरं झाड घेताना: मोजमाप, खरेदी आणि पाणी यांचा नेमका क्रम

डिसेंबरच्या मध्यावर इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. झाडाच्या सुया आत्ताच का गळतायत? बुंधा ज्यात उभा करतात त्या स्टँडमधलं पाणी उतरतच नाही, हे ठीक आहे ना? शेंड्यावर तारा लावायला जागा उरली नाही, वरून छाटू का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं झाड घरात येण्याआधीच्या कामांत असतात, आणि प्रश्न विचारला जातो तेव्हा ती वेळ गेलेली असते. कापलेलं झाड बिघडतं पहिल्या दिवशी, दिसतं मात्र तिसऱ्या आठवड्यात.

झाड घरात असतं त्याच चार आठवड्यांत भेटवस्तूंची खरेदीही असते. शनिवारी दुपारी मॉल, परतीच्या वाटेवर दिसलेल्या लॉटवरून (झाडं विकायला मांडलेल्या मोकळ्या जागेवरून) घाईत उचललेलं झाड, घरी पोहोचेपर्यंत अंधार, मग झाड रात्रभर गराजमध्ये कोरडंच पडून. बहुतेक घरांत गाडी इथेच घसरते. म्हणून खाली दोन्ही कामं एकाच क्रमात मांडली आहेत.

हा लेख मुख्यतः कापलेल्या खऱ्या झाडाबद्दल आहे. मुळांसकट मिळणाऱ्या झाडाबद्दल टप्पा ५ मध्ये थोडं लिहिलं आहे.

## टप्पा १: आधी परतीचं तिकीट बघा

झाड कधी आणायचं हे ठरवण्याआधी ते घरातून कधी बाहेर जाणार हे ठरवा. नीट पाणी मिळालेलं ताजं फ्रेझर फर (नाताळच्या झाडाची एक जात) साधारण चार आठवडे चांगलं राहतं. त्यामुळे काढायच्या तारखेपासून चार आठवडे मागे मोजा. १ जानेवारीला काढणार असाल तर डिसेंबरचा पहिला आठवडा योग्य. थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आणि त्यानंतरचा शनिवार-रविवार हा सगळ्यात गर्दीचा काळ असतो. त्यानंतरच्या मंगळवारी-बुधवारी लॉटवर शांतता असते आणि मालही भरपूर असतो.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. शाळेला सुट्टी लागली की आपल्यातली कितीतरी कुटुंबं १८-२० डिसेंबरला भारतात निघतात आणि जानेवारीत परततात. तसं असेल तर एक नियम अजिबात मोडू नका: विमान पकडण्याआधी झाड घराबाहेर गेलंच पाहिजे. रिकाम्या घरात, हीटिंग चालू असताना, तीन आठवडे बिनपाण्याचं झाड म्हणजे सरपण. 'शेजारी येऊन पाणी घालतील' यावर विसंबू नका. त्यांच्याही घरी तेव्हा पाहुणे असतात.

अशा घरांसाठी दोन मार्ग आहेत. थँक्सगिव्हिंगनंतर लगेच झाड आणा, अडीच-तीन आठवडे मुलांना त्याचा आनंद घेऊ द्या आणि निघायच्या दोन दिवस आधी सजावट उतरवून झाड परसात ठेवा. नगरपालिकेची झाडं उचलायची फेरी नाताळ झाल्यावरच सुरू होते, त्यामुळे ते कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेला, ठेवून निघून जाऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे खरं झाड पुढच्या वर्षी.

तपासा: आणायची तारीख, काढायची तारीख आणि झाड बाहेर कुठे ठेवणार, या तिन्ही गोष्टी कागदावर आहेत का?

## टप्पा २: घर मोजा, नजरेवर जाऊ नका

मोकळ्या मैदानात सात फुटी झाड लहान दिसतं. दिवाणखान्यात आल्यावर तेच झाड सोफा गिळतं. म्हणून टेप घेऊन चार मापं घ्या.

१. उंची. जमिनीपासून छतापर्यंत मोजा आणि त्यातून किमान १ फूट वजा करा. स्टँडमुळे झाड काही इंच वर उचललं जातं आणि शेंड्यावरच्या ताऱ्याला ६ ते १० इंच लागतात. अपार्टमेंटच्या ८ फुटी छताखाली ७ फुटांपेक्षा मोठं झाड नको. साडेसहा असेल तर उत्तम.

२. घेर. लोक उंची मोजतात आणि घेर विसरतात. ७ फुटी भरदार झाडाचा खालचा घेर आरपार (व्यास) ४ ते ५ फूट असू शकतो. जागा ठरली की जमिनीवर तेवढा गोल चिकटपट्टीने आखा आणि दिवसभर त्याच्या बाजूने वावरून बघा. जिन्याकडे जाताना त्यात पाय पडत असेल तर जागा बदला.

३. दार आणि वळण. जाळीत बांधलेलं झाड कोणत्याही दारातून आत येतं. जानेवारीत बाहेर जाताना ते पसरलेलं आणि सुकलेलं असतं. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर लिफ्टने न्यायची परवानगी आणि मुळात खऱ्या झाडाला परवानगी आहे का, हे लीजमध्ये वाचा. काही इमारतींत खरी झाडं चालत नाहीत.

४. उष्णतेपासूनचं अंतर. फायरप्लेस, रेडिएटर, हीटिंगचा व्हेंट, स्पेस हीटर या सगळ्यांपासून किमान ३ फूट. जमिनीतला व्हेंट बरोब्बर झाडाखाली येत असेल तर तो बंद करा किंवा जागा बदला. सुया गळायच्या तक्रारीत हे कारण वारंवार सापडतं.

सावधान: देवघराचा कोपराही याच हिशोबात धरा. डिसेंबरमध्ये मार्गशीर्षातले गुरुवार येतात. घट मांडला जातो, समई आणि निरांजन बराच वेळ तेवत असतात, उदबत्ती असते. झाड आणि दिवा शक्यतो वेगळ्या खोल्यांत ठेवा. एकच खोली असेल तर दोघांमध्ये पूर्ण खोलीचं अंतर ठेवा आणि दिवा जळत असताना कोणीतरी मोठं माणूस तिथे बसू द्या.

## टप्पा ३: स्टँड झाडाच्या आधी आणा

लोक आधी झाड आणतात, मग स्टँड शोधतात. त्या वेळी दुकानात हलके, छोटे स्टँड उरलेले असतात. स्टँड घेताना त्यात किती पाणी मावतं हे आधी बघा. नियम सोपा आहे: बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण १ लिटर पाणी. बुंधा ४ ते ५ इंचांचा असेल तर झाड बसवल्यावरही ४-५ लिटर पाणी मावलं पाहिजे. खोक्यावर लिहिलेलं माप कधी कधी रिकाम्या स्टँडचं असतं. बुंधा आत गेला की त्यातली बरीच जागा जाते, म्हणून एक आकार मोठाच घ्या.

स्टँडच्या कडीचा आतला व्यास मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. लॉटवर तोच आकडा लागेल.

सोबत हे जमवा: मोठ्या दातांची हातकरवत, जुने हातमोजे, जुनी चादर, दोर किंवा पट्टे, लाकडी जमिनीवर घालायला प्लॅस्टिकची जाड चटई आणि लांब नळीचं नरसाळं. नरसाळ्याकडे दुर्लक्ष करू नका. खालच्या फांद्यांखाली रोज सरपटत जाऊन पाणी घालायचा उत्साह चौथ्या दिवशी संपतो आणि झाड तिथपासून सुकायला लागतं.

## टप्पा ४: भेटवस्तूंची यादी झाडाच्या आधी संपवा

निदान यादी तरी. खरेदीचा ताण वस्तूंमुळे कमी आणि 'अजून कोण राहिलं?' या टोचणीमुळे जास्त येतो. ती टोचणी घालवायला एकदा बसून नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे रक्कम लिहा. वस्तू नंतर. रकमेची बेरीज झेपत नसेल तर नावं किंवा रक्कम आत्ताच कमी करा. दुकानात उभं राहून ते होत नाही.

आपल्या घरांत यादीचे तीन गट पडतात आणि त्यांची घाई वेगवेगळी असते.

भारतात जाणाऱ्या वस्तू पहिल्या. यांची शेवटची तारीख २५ डिसेंबर नसून तुमचं विमान आहे. निघायच्या आठवडाभर आधी वस्तू घरात हव्यात, म्हणजे वजन करून बॅगा भरता येतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेत ठेवा. भेटी कागदात गुंडाळून नेऊ नका. सुरक्षा तपासणीत त्या उघडाव्या लागू शकतात. कागद तिकडे भरपूर मिळतो.

शाळा, ऑफिस, शेजारी दुसरे. सुट्टीपूर्वीचा शाळेचा शेवटचा दिवस ही इथली खरी मुदत. शिक्षकांना काय आणि किती किमतीचं चालतं याचे नियम जिल्ह्यागणिक बदलतात. शाळेचं पत्रक वाचा किंवा वर्गाच्या पालक प्रतिनिधींना विचारा. टपाल खात्याच्या पोस्टमनला रोख रक्कम देता येत नाही. एका वेळी २० डॉलरपर्यंतची वस्तू चालते, आणि एकाच व्यक्तीकडून वर्षभरात ५० डॉलरपेक्षा जास्त नाही. दिवाळीच्या पोस्तासारखं पाकीट हातात दिलंत तर त्या माणसाला अडचणीत टाकाल. ऑफिसच्या सीक्रेट सँटात (चिठ्ठीत नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायच्या खेळात) ठरलेल्या मर्यादेपेक्षा महाग वस्तू आणू नका. समोरच्याला त्याने अवघडल्यासारखं होतं.

घरची मुलं शेवटची. त्यांच्या मागण्या डिसेंबरभर बदलत असतात, म्हणून सगळं ब्लॅक फ्रायडेला (थँक्सगिव्हिंगनंतरच्या सवलतींच्या शुक्रवारी) घेऊन टाकू नका. फक्त एकच मोठी वस्तू लवकर घ्या.

नेहमी होणाऱ्या चुका:

- सवलतीचा टक्का बघून घेणं. यादीत नाव नसेल तर ७० टक्के सूटही खर्चच आहे.
- गिफ्ट रिसीट न मागणं. तिच्यावर किंमत नसते, पण वस्तू बदलून मिळते. परत करायची मुदतही त्याच वेळी बघून घ्या.
- गिफ्ट कार्डाचं पाकीट न तपासणं. खरवडायची पट्टी आधीच खरवडलेली किंवा पाकीट पुन्हा चिकटवलेलं दिसलं तर ते ठेवून द्या. चोर नंबर टिपून घेतात आणि पैसे भरले गेले की उचलतात. खरेदीची पावती कार्डासोबत जपा. कार्डावरची रक्कम ५ वर्षांच्या आत बाद होऊ शकत नाही, असा २००९ चा संघीय कायदा आहे, तेव्हा मिळालेली कार्डं घाईने संपवायची गरज नाही.
- दिवसभर घरी कोणी नसताना दारात पार्सल मागवणं. लॉकर किंवा दुकानातून उचलायची सोय निवडा.

तपासा: यादी पूर्ण झाली, पहिल्या गटाच्या ऑर्डरी गेल्या, तरच झाड आणायचा दिवस पक्का करा. त्या दिवशी दुसरी कोणतीही खरेदी ठेवू नका. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

## टप्पा ५: जात आधी घरी ठरवा

लॉटवर गेल्यावर सगळी झाडं हिरवी दिसतात. आधी ठरवून जा.

फ्रेझर फर. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातून पूर्व किनाऱ्यावर भरपूर येतं. सुया आखूड आणि मऊ, खालून रुपेरी. फांद्या ताठ, सुया धरून ठेवण्यात पहिल्या रांगेत. पहिल्यांदा घेणाऱ्यांना माझा सल्ला हाच: किंमत थोडी जास्त पडली तरी फ्रेझर घ्या.

बाल्सम फर. वास सगळ्यात दरवळणारा. फांद्या फ्रेझरपेक्षा लवचीक, म्हणून जड शोभेच्या वस्तू टाळा.

डग्लस फर. किंमत बरी, आकार भरगच्च, सुया मऊ. रांगतं मूल घरात असेल तर छान. पण फांद्या वजनाने वाकतात.

नोबल फर. ओरेगॉनहून येतं, कॅलिफोर्नियात सहज मिळतं. फांद्यांचे थर मोकळे आणि मजबूत. लाकडी, काचेच्या जड वस्तू टांगायच्या असतील तर हेच. महाग असतं.

स्कॉच पाईन आणि व्हाईट पाईन. स्कॉच पाईन सुकलं तरी सुया सोडत नाही. हा गुण वाटतो, पण म्हणूनच ते सुकल्याचं कळत नाही, आणि तेच धोक्याचं. पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. व्हाईट पाईनच्या लांब सुया पाच-पाचच्या जुडीत असतात, वास मंद, फांद्या नाजूक. त्यावर फक्त दिवे आणि कागदी वस्तू लावा.

ब्लू स्प्रूस. रंग देखणा, सुया टोचऱ्या. मांजर झाडावर चढू नये म्हणून काही जण मुद्दाम घेतात. लहान मुलांच्या घरात नको. स्प्रूस गरम खोलीत फरच्या मानाने लवकर गळतात.

ओळखायची खूण: एक सुई बोटांत फिरवून बघा. फरची चपटी असते, फिरत नाही. स्प्रूसची चौकोनी असते, फिरते. पाईनच्या सुया जुडीने येतात.

मुळांसकट, गोणपाटात बांधलेलं झाड घेऊन नंतर अंगणात लावायचं मनात असेल तर तीन अटी आहेत. जमीन गोठायच्या आधी खड्डा खणून ठेवायचा. मातीचा गोळा दोन माणसांनाही सहज उचलवत नाही, हे धरून मदत बोलवायची. आणि झाड घरात आठवडा-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. जास्त राहिलं तर उबेने त्याला वसंत आल्यासारखं वाटतं, कळ्या सुटतात आणि बाहेरच्या थंडीत झाड मरतं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

## टप्पा ६: लॉटवरची परीक्षा

दिवसाउजेडी जा. पिवळ्या दिव्यांखाली सुकलेलं झाडही हिरवं दिसतं.

आपलं झाड आपणच कापून घेऊ देणारं फार्म जवळ असेल तर ताजेपणाचा प्रश्नच मिटतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओरेगॉनमध्ये अशी फार्म पुष्कळ आहेत. करवत तिथे मिळते का आणि त्यांची जाळी किती मोठी, एवढं फोनवर विचारून जा. लॉटवरची झाडं मात्र अनेकदा नोव्हेंबरमध्येच कापून ट्रकने शेकडो मैल आलेली असतात. म्हणून पहिला प्रश्न हा: शेवटचा ट्रक कधी आला? दुसरा: बुंध्याला ताजा काप देता का? झाडं उन्हात डांबरावर उभी आहेत की सावलीत, हे तुम्हीच बघा.

मग हाताने तपासा.

१. फांदी मुठीत सैल धरून बुंध्याकडून टोकाकडे हात फिरवा. हातात हिरव्या सुया आल्या तर झाड सोडा.

२. झाड काही इंच उचलून बुंधा जमिनीवर आपटा. आतल्या तपकिरी सुया पडतील, त्या जुन्या आहेत, त्यांची चिंता नको. बाहेरच्या हिरव्या सुयांचा सडा पडला तर पुढच्या झाडाकडे वळा.

३. वजन बघा. ताजं झाड पाण्यामुळे आकाराच्या मानाने जड लागतं.

४. रंग मळकट राखाडी झाला असेल, फांदीची टोकं ठिसूळ असतील तर नको.

नेहमीचा गोंधळ: 'सुई वाकवून बघा' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण जात माहीत नसेल तर तो फसवतो. फरची ताजी सुई वाकवली की कट्कन तुटते. पाईनची चिवट असते, ती ताजी असताना वाकते आणि फार सुकल्यावरच तुटते. म्हणून हात फिरवायची आणि आपटायची परीक्षाच खरी धरा.

यानंतर टेप काढा. उंची, घेर आणि बुंध्याचा व्यास मोजा. व्यास स्टँडच्या कडीपेक्षा मोठा असेल तर झाड कितीही आवडलं तरी ते घेऊ नका. बुंधा तासून स्टँडमध्ये बसवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण टप्पा ८ मध्ये कळेल. खालचा ६-८ इंच बुंधा सरळ आणि मोकळा आहे ना, हेही बघा. झाड एका बाजूने विरळ असेल तर चालतं. ती बाजू भिंतीकडे जाते.

हाताला राळ चिकटली तर साबणाने निघत नाही. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण.

## टप्पा ७: गाडीवरून घरी

झाड जाळीत घालून घ्या. जाळीत घालायच्या आधी यंत्रावर हलवून द्यायची सोय असेल तर हलवून घ्या. सुकलेल्या सुया आणि किडे तिथेच झडतात. टपावर जुनी चादर अंथरा आणि बुंधा पुढे, शेंडा मागे असं ठेवा. उलटं ठेवलं तर वारा सुयांच्या खालून शिरतो आणि झाड घरी पोहोचेपर्यंत अर्धं वाळतं. रॅक नसेल तर पट्टे उघड्या दारांतून आत घेऊन बांधा. खिडक्यांतून घेतले तर दारं उघडणार नाहीत. लॉटवरच्या पातळ सुतळीवर हायवेला भरवसा ठेवू नका. शक्य तो आतल्या रस्त्याने या.

## टप्पा ८: काप आणि पाणी

सगळं यश या एका तासात आहे. कापलेलं झाड हे निशिगंधाच्या दांडीसारखंच: दांडीचं टोक पुन्हा कापून लगेच पाण्यात ठेवलं तरच फूल टिकतं.

झाड कापलं की कापाच्या तोंडाशी राळ आणि हवा जमते आणि पाणी वर चढायची वाट बंद होते. म्हणून स्टँडमध्ये ठेवण्याआधी बुंध्याची अर्धा ते एक इंच जाडीची चकती कापून टाकायची.

१. काप सरळ आडवा द्या. तिरका किंवा इंग्रजी 'व्ही' सारखा काप दिला तर जास्त पाणी चढतं हा समज चुकीचा आहे. उलट झाड स्टँडमध्ये नीट बसत नाही आणि कापाचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो.

२. बुंध्याची साल तासू नका. पाणी वर नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो. तो गेला की मधल्या लाकडाला पाणी मिळून उपयोग नाही. बुंध्याला भोक पाडूनही काही साधत नाही.

३. कापानंतर ६ ते ८ तासांत झाड पाण्यात गेलं पाहिजे. लॉटवाल्यांनी काप दिला असेल तर घड्याळ तिथूनच सुरू होतं. त्याच दिवशी उभं करणार नसाल तर गराजमध्ये, वारा आणि ऊन लागणार नाही अशा जागी, पाण्याच्या बादलीत ठेवा. घरात आणताना पुन्हा पातळ चकती कापा.

४. जाळी न काढता झाड स्टँडमध्ये उभं करा. एकाने झाड धरा, दुसऱ्याने स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. दोन वेगवेगळ्या बाजूंनी लांब उभं राहून सरळपणा बघा. मग स्टँड पूर्ण भरा आणि त्यानंतरच जाळी कापा.

५. पाणी साधं, नळाचं. साखर, ॲस्पिरिन, शीतपेय, ब्लीच, विकतची पावडर यांतलं काहीही नको. पाळीव प्राणी ते पाणी पितात, हेही लक्षात असू द्या. पाणी कोमट की गार याने फरक पडत नाही.

पहिल्या दिवशी झाड तीन-चार लिटर पाणी पिऊ शकतं. म्हणून पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ पातळी बघा, नंतर दिवसातून एकदा. कापलेलं तोंड एकदाही उघडं पडू देऊ नका. काही तास कोरडं राहिलं की राळ पुन्हा बसते. मग वरून कितीही पाणी घाला, झाड पीत नाही, आणि उपाय एकच उरतो: सजावट उतरवून पुन्हा काप देणं. झाडाच्या पायाशी घातलेल्या झालरीमुळे पाणी दिसत नाही, म्हणून ती एका बाजूने उचलता येईल अशीच घाला.

तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी उतरलेली आहे का? उतरली असेल तर झाड पाणी पीत आहे. दोन दिवस जराही हलली नाही तर सजावटीला हात लावायच्या आधीच नवा काप द्या. स्टँड गळत नाही ना, हे चटईखाली हात घालून बघा.

## टप्पा ९: दिवे आणि सजावट

झाड रात्रभर तसंच ठेवा. फांद्या खाली येतात, खरा आकार दुसऱ्या दिवशी दिसतो.

आधी दिवे, मग वस्तू. माळ झाडावर चढवायच्या आधी जमिनीवर पसरून लावून बघा. वायर सोललेली असेल तर ती माळ टाकून द्या. एलईडी माळाच घ्या, त्या कमी तापतात. जुन्या बल्बांच्या माळा एकमेकींना जोडायच्या असतील तर तीनपेक्षा जास्त नाहीत. दिवाळीच्या, भारतातून आणलेल्या माळा झाडावर लावू नका. त्या २३० व्होल्टसाठी बनवलेल्या असतात, इथे १२० व्होल्ट आहेत, आणि कन्व्हर्टर लावून त्या सुकत जाणाऱ्या झाडावर तासन्‌तास चालवणं धोक्याचं आहे. पाकिटावर यूएलची (विजेच्या वस्तूंची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची) खूण असलेली माळ इथेच विकत घ्या. टायमर लावा, म्हणजे झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवे बंद होतील.

सुकलेलं झाड पेटलं तर एका मिनिटाच्या आत खोली कवेत घेतं. पाणी पिणारं झाड तसं सहज पेटत नाही. टप्पा ८ वर इतका जोर दिला तो यासाठीच.

जड वस्तू बुंध्याजवळ, हलक्या टोकाला. काच वरच्या निम्म्यात. मांजर असेल तर चमकीच्या लांब पट्ट्या अजिबात नकोत, त्या पोटात गेल्या तर आतड्यात अडकतात. लहान मूल किंवा मोठा कुत्रा असेल तर बुंधा मासेमारीच्या पारदर्शक दोऱ्याने भिंतीतल्या हुकाला बांधा.

## टप्पा १०: शेवटचे दहा दिवस

आता झाडाला फक्त पाणी हवं, बाकी वेळ खरेदीचा. डिसेंबरच्या मध्यानंतर साध्या टपालाने वस्तू वेळेत येईलच असं धरू नका. तेव्हा दुकानातून उचला. यादीत नवीन नाव घालायचं तर ठरलेल्या रकमेतूनच घाला. २० तारखेनंतर बाजार बंद, असं घरात सगळ्यांसमोर ठरवा. राहिलेल्यांना घरचा चिवडा, नानकटाई डब्यात भरून द्या. शेजारी ते आनंदाने घेतात. डब्यावर शेंगदाणे, काजू, गहू असल्याचं लिहायला विसरू नका. ॲलर्जी इथे फार गंभीरपणे घेतली जाते.

## टप्पा ११: काढणं आणि विल्हेवाट

फांदीवरून हात फिरवल्यावर हिरव्या सुया सहज हातात येऊ लागल्या किंवा झाडाने पाणी प्यायचं थांबवलं, तर तारीख कोणतीही असो, झाड काढा.

दिवे, तारा, चमकी, हुक सगळं उतरवा. झाडांचा भुगा करून बागांना पुरवला जातो, त्यात धातू चालत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं झाडही अनेक टाउनशिप उचलत नाहीत. उचलायच्या तारखा टाउनच्या संकेतस्थळावर असतात. स्टँडमधलं पाणी आधी मगने उपसून घ्या, नाहीतर ते गालिच्यावर सांडेल. झाड जुन्या चादरीत गुंडाळा आणि बुंधा पुढे करून बाहेर न्या. फायरप्लेसमध्ये फांद्या जाळू नका. राळेचा भडका उडतो आणि धुराड्यात काजळी साचते.

सुया आधी झाडूने गोळा करा, व्हॅक्यूमची नळी त्यांनी तुंबते. स्टँड धुऊन वाळवा, आणि त्यावर कडीचा व्यास आणि यंदा आणलेल्या झाडाची उंची मार्करने लिहून बेसमेंटमध्ये ठेवा.